व्हर्च्युअल मशीनमध्ये स्क्रीन रीडर बोलत नसेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातील मराठी कुटुंबांतले अनेक दृष्टिबाधित विद्यार्थी आणि नोकरदार आता व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकावर, काम करतात. कोणाला अभ्यासक्रमासाठी लिनक्स शिकायचे असते, कोणाला घरचा संगणक न बिघडवता एखादे सॉफ्टवेअर तपासून पाहायचे असते, तर सुपर कॉरिडॉर किंवा विजयनगर भागातील कंपन्यांत रुजू झालेल्यांना सर्व्हरवर काम करावेच लागते. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्या संगणकासमोर आपण प्रत्यक्ष बसला आहात त्याला पुढे ‘बाहेरचा संगणक’ आणि त्याच्या आत चालणाऱ्या प्रणालीला ‘आतले मशीन’ म्हटले आहे. उत्तरे मुख्यतः विंडोज आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर) यांना धरून आहेत, कारण एनव्हीडीए विनामूल्य असल्याने आपल्याकडील बहुतेकांची सुरुवात त्याच्यापासूनच होते.

आतले मशीन सुरू झाले, पण स्क्रीन रीडर गप्प आहे. सर्वांत आधी काय करावे?

कोणतेही सेटिंग बदलण्याआधी आवाज नेमका कोठे अडला आहे ते ठरवावे. स्क्रीन रीडर वाक्य सिंथेसायझरकडे देतो, सिंथेसायझर त्याचा ध्वनी तयार करतो, आतल्या विंडोजची ऑडिओ सेवा तो आभासी साउंड कार्डापर्यंत पोहोचवते, व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअर (व्हर्च्युअलबॉक्स, हायपर-व्ही किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशन यांसारखे) तो तेथून उचलून बाहेरच्या संगणकाला देते आणि बाहेरचा संगणक तो हेडफोनवर वाजवतो. यांपैकी कोणताही टप्पा तुटला तरी कानाला ऐकू येणारी शांतता एकच असते, आणि म्हणूनच पुष्कळ जण एनव्हीडीए काढून पुन्हा बसवण्यात दुपार घालवतात, जेव्हा दोष साउंड कार्डाच्या एका चौकटीत असतो.

पहिली चाचणी अशी: आतल्या मशीनमध्ये विंडोज, कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबून नॅरेटर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, सुरू करावा. नॅरेटर बोलला तर ध्वनीचा मार्ग मोकळा आहे आणि दोष एनव्हीडीएमध्ये आहे. तोही बोलला नाही तर विंडोज आणि आर दाबून उघडणाऱ्या रन खिडकीत एखादे निरर्थक नाव टंकून एंटर करावे. चूक झाल्याची सूचना देणारी विंडोजची घंटा वाजली तर मार्ग ठीक असून केवळ वाचा बंद आहे, आणि घंटाही वाजली नाही तर दोष साउंड कार्डात, व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बाहेरच्या संगणकात शोधावा. या चाचणीसाठी कळा खरोखर आतच पोहोचत आहेत याची खात्री हवी. नॅरेटर बाहेरच्या संगणकावर सुरू झाला, तर आधी कीबोर्डविषयीचे उत्तर पुढे वाचावे.

ध्वनीचा मार्ग मोकळा असून एनव्हीडीएच बोलत नसेल तर काय तपासावे?

तीन गोष्टी तपासाव्यात. एनव्हीडीए कळ (इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक) आणि एस चुकून दाबली गेल्यास वाचा बंद होते किंवा तिच्या जागी केवळ बीप ऐकू येतात. तीच जोडी थांबून थांबून पुन्हा दाबल्यास वाचा परत येते. दुसरे कारण स्लीप मोडचे, म्हणजे त्या विशिष्ट कार्यक्रमापुरते एनव्हीडीएला गप्प ठेवल्याचे. तिसरे आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये अधिक वेळा आढळणारे कारण असे की मशीन सुरू होताना साउंड कार्ड उपलब्धच नव्हते, त्यामुळे एनव्हीडीए ध्वनीशिवाय सुरू झाला आणि नंतर कार्ड जोडले गेले तरी तो तसाच राहिला.

अशा वेळी रन खिडकीत एनव्हीडीए हे नाव रोमन लिपीत टंकून एंटर करावे. त्याने एनव्हीडीए नव्याने सुरू होतो. तरीही शांतता असेल तर एनव्हीडीए, कंट्रोल आणि एस दाबून सिंथेसायझरची यादी उघडावी, ई हे रोमन अक्षर दाबून ईस्पीक एनजी निवडावा आणि एंटर करावे. ईस्पीकचा आवाज गोड नाही हे खरे, परंतु तो एनव्हीडीएसोबतच येतो, विंडोजच्या आवाजांवर अवलंबून नसतो आणि कमी स्मृतीतही चालतो. आतल्या मशीनसाठी प्रथम तोच ठेवावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

आतले मशीन बोलत नाही तोवर पडद्यावर काय आहे हे कसे कळावे?

बाहेरच्या स्क्रीन रीडरच्या दृष्टीने आतले मशीन म्हणजे एक चित्र असते. त्यातील बटणे, याद्या आणि मजकूर यांची माहिती खिडकीच्या बाहेर येत नाही, त्यामुळे बाहेरचा एनव्हीडीए खिडकीचे नाव सांगून थांबतो. परंतु चित्रातील अक्षरे तो ओळखू शकतो. बाहेरच्या संगणकावर एनव्हीडीए आणि आर दाबल्यास विंडोजची अक्षर-ओळख चालू होते आणि आतल्या पडद्यावरील मजकूर बाण-कळांनी वाचता येतो. एखाद्या शब्दावर एंटर केल्यास त्या जागी माउसची क्लिकही होते. ही सोय एनव्हीडीएमध्ये २०१७ पासून आहे, तरी ती ठाऊक नसल्याने कितीतरी जण घरातील डोळस माणूस येईपर्यंत हात बांधून बसतात.

दोन अटी लक्षात ठेवाव्यात. स्क्रीन कर्टन, म्हणजे पडदा काळा ठेवण्याची सोय, बंद असली पाहिजे. आणि कीबोर्ड आतल्या मशीनने पकडून ठेवलेला नसावा, अन्यथा ही आज्ञा बाहेर पोहोचणारच नाही. बाहेरचा संगणकही गप्प झाला असेल तर मोबाइलवरील सीइंग एआय किंवा लुकआउट या ॲपने कॅमेऱ्यातून पडदा वाचता येतो. मोठ्या अक्षरांतील त्रुटी-संदेशासाठी ते पुरेसे ठरते.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये कोणती सेटिंग्ज पाहावीत?

मशीन पूर्ण बंद करून त्याच्या सेटिंग्जमधील ऑडिओ विभाग उघडावा. ऑडिओ चालू असल्याची आणि त्याखालील ध्वनी बाहेर देण्याची अशा दोन्ही चौकटींत खूण असावी. कंट्रोलर म्हणून इंटेल एचडी ऑडिओ निवडावा. जुन्या मशीनची फाइल कोणाकडून घेतली असल्यास तेथे अनेकदा एसी ९७ हा कंट्रोलर असतो. त्याचा ड्रायव्हर आजच्या चौसष्ट-बिट विंडोजसोबत येत नाही, त्यामुळे साउंड कार्ड दिसते तरी आवाज निघत नाही.

गेस्ट ॲडिशन्स हे व्हर्च्युअलबॉक्सचे पूरक पॅकेज आतल्या मशीनमध्ये बसवल्याने आवाज येईल अशी समजूत सर्वत्र आहे. ती बरोबर नाही. त्या पॅकेजचा संबंध पडदा, माउस, सामायिक फोल्डर आणि क्लिपबोर्ड यांच्याशी आहे. आवाजासाठी ते पुन्हा पुन्हा बसवू नये.

हायपर-व्हीमध्ये साउंड कार्डाचा पर्यायच सापडत नाही. तो कोठे असतो?

तो नसतोच. हायपर-व्ही आतल्या मशीनला साउंड कार्ड देत नाही, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याने हे सुरुवातीलाच जाणून घेतले पाहिजे, कारण साध्या सत्रात कितीही खटपट केली तरी आवाज येणार नाही. आवाज येतो तो एनहान्स्ड सेशनमधून. ही जोडणी रिमोट डेस्कटॉपच्याच, म्हणजे दूरचा संगणक आपल्या पडद्यावर वापरू देणाऱ्या सोयीच्या, तंत्रावर चालते आणि ध्वनी त्या मार्गाने बाहेर आणते, तेव्हा तिच्या अटीही रिमोट डेस्कटॉपसारख्याच आहेत: आतल्या मशीनमध्ये विंडोजची प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन आवृत्ती हवी, होम चालत नाही, हायपर-व्हीच्या सेटिंग्जमध्ये एनहान्स्ड सेशनला परवानगी हवी, आणि जोडणीच्या खिडकीतील स्थानिक साधनांच्या पानावर ध्वनी ‘या संगणकावर’ वाजवण्याचा पर्याय निवडलेला हवा.

एवढे करूनही विंडोज ११ मध्ये एनहान्स्ड सेशन सुरू होत नसेल, तर आतल्या मशीनच्या साइन-इन पर्यायांत मायक्रोसॉफ्ट खात्यांसाठी केवळ विंडोज हेलोने (पिन, चेहरा किंवा बोटाच्या ठशाने) प्रवेश देण्याचे सेटिंग चालू आहे का ते पाहावे आणि बंद करावे. सत्र जोडल्यावरही एनव्हीडीए गप्प असेल तर तो रन खिडकीतून पुन्हा सुरू करावा, म्हणजे नव्याने आलेले ध्वनी-साधन त्याला सापडते.

विंडोज बसवण्याचा काळ मात्र साध्या सत्रातच जातो आणि तेवढा वेळ आतून काहीही ऐकू येत नाही. पहिल्यांदाच व्हर्च्युअल मशीन करणाऱ्या दृष्टिबाधित व्यक्तीने म्हणून हायपर-व्हीपासून सुरुवात करू नये. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअरमध्ये खरे साउंड कार्ड भासवले जाते आणि पहिल्या मिनिटापासून बोलणे शक्य होते.

व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये काय पाहावे?

हार्डवेअरच्या यादीत साउंड कार्ड आहे का, आणि ‘मशीन सुरू होताना जोडा’ या चौकटीत खूण आहे का, एवढेच बहुधा पाहावे लागते. वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांसाठी विनामूल्य झाले आहे. त्यात एक अडचण कळांची आहे: कंट्रोल आणि ऑल्ट ही जोडी कीबोर्ड बाहेर सोडण्यासाठी राखीव असल्याने कंट्रोल, ऑल्ट आणि एन हा एनव्हीडीएचा नेहमीचा शॉर्टकट आत पोहोचेलच असे नाही. रन खिडकीचा मार्ग येथेही उपयोगी पडतो.

मी कळ दाबतो आत, पण उत्तर बाहेरचा स्क्रीन रीडर देतो. दोघांना वेगळे कसे ठेवावे?

हा प्रश्न आवाजाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, कारण पुष्कळदा ‘आवाज येत नाही’ या तक्रारीचे मूळ येथे असते. इन्सर्ट ही कळ बाहेरचा एनव्हीडीए आधी अडवतो आणि आतल्या मशीनला ती मिळतच नाही. विंडोजमध्ये कीबोर्डवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यक्रमांपैकी ज्याने सर्वांत शेवटी नोंद केली त्याला कळ सर्वांत आधी मिळते, त्यामुळे काल चाललेली गोष्ट आज बाहेरचा एनव्हीडीए पुन्हा सुरू केल्यावर चालेनाशी होते आणि वापरणारा गोंधळून जातो.

सर्वांत निर्वेध उपाय म्हणजे बाहेरच्या एनव्हीडीएला व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीपुरता स्लीप मोड देणे. खिडकीत असताना, पण कीबोर्ड आतल्या मशीनने पकडण्याआधी, एनव्हीडीए, शिफ्ट आणि एस दाबावे. एनव्हीडीएची लॅपटॉप मांडणी वापरत असाल तर एसऐवजी झेड. त्यानंतर त्या खिडकीत बाहेरचा एनव्हीडीए ना बोलतो ना कळा अडवतो, आणि ऑल्ट-टॅबने दुसऱ्या खिडकीत आलो की तो पूर्ववत बोलू लागतो. व्हर्च्युअल मशीनचा कार्यक्रम बंद करून पुन्हा उघडल्यास ही आज्ञा पुन्हा द्यावी लागते. स्लीप मोडमध्ये अक्षर-ओळखीची आज्ञाही आत निघून जाते, तेव्हा पडदा बाहेरून वाचायचा असेल तर आधी स्लीप मोड काढावा.

दुसरा उपाय म्हणजे बाहेर कॅप्स लॉक आणि आत इन्सर्ट अशा वेगवेगळ्या एनव्हीडीए कळा ठेवणे. त्याच्या जोडीला दोन्हीकडे वेगळे आवाज आणि वेगळी गती ठेवावी, म्हणजे कोण बोलत आहे हे पहिल्याच शब्दाला कळते. दोन्हीकडे एकच आवाज ठेवू नये, असा आग्रह आम्ही प्रत्येक नव्या वापरकर्त्याजवळ धरतो.

बोलणे थांबवण्यासाठी कंट्रोल दाबले की कीबोर्ड आतल्या मशीनमधून बाहेर का येतो?

व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवी कंट्रोल ही कीबोर्ड पकडण्याची आणि सोडण्याची कळ असते, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या बोटांना वाचा थांबवण्यासाठी कंट्रोल दाबण्याची सवय असते. डाव्या कंट्रोलने थांबवण्याची सवय लावावी किंवा व्हर्च्युअलबॉक्सच्या इनपुट विभागात ही कळ (तेथे तिला होस्ट कळ म्हणतात) बदलून घ्यावी. काही नव्या लॅपटॉपमध्ये उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलट कळ आली आहे, तेथे हा बदल करण्यावाचून गत्यंतर नाही.

आतले मशीन इंग्रजी व्यवस्थित वाचते, पण मराठी मजकूर आला की गप्प होते. हा ध्वनीचा दोष आहे का?

नाही. आतले मशीन नव्याने बसवलेले असते आणि त्यात इंग्रजीचाच आवाज असतो. देवनागरी न जाणणारा आवाज तो मजकूर एकतर गाळतो किंवा विचित्र उच्चारांनी वाचतो. बाहेरच्या संगणकावर बसवलेले आवाज आतल्या मशीनला मिळत नाहीत, ते आत वेगळे बसवावे लागतात. ईस्पीक एनजीमध्ये मराठी आहे, आणि एनव्हीडीएच्या वाचा विभागातील भाषा आपोआप बदलण्याचा पर्याय चालू ठेवता येतो. मात्र ज्या मजकुरावर मराठीची खूणच केलेली नाही तेथे तो उपयोगी पडत नाही आणि मराठी आवाज स्वतः निवडावा लागतो. विंडोजमधून हेमंत किंवा कल्पना हे हिंदी आवाजही बसवता येतात. ते देवनागरी वाचतात आणि कानाला बरे वाटतात, पण ‘चमचा’, ‘जहाज’, ‘झरा’ अशा शब्दांतील मराठी उच्चार त्यांच्याकडून अपेक्षू नयेत. आपल्या इंदुरात हिंदी आणि मराठी दोन्ही मजकूर रोजच हाताळावा लागत असल्याने पुष्कळ जण हिंदी आवाजावरच काम भागवतात. शुद्धलेखन तपासायचे असेल तर मात्र मराठी आवाजच हवा.

यापेक्षा वेगळा प्रकार कृतिदेवचा. मध्य प्रदेशातील कार्यालयांत आणि टायपिंग केंद्रांत हा फाँट वर्षानुवर्षे वापरात आहे. त्यातील मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण फाइलमध्ये रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात, म्हणून स्क्रीन रीडर ती निरर्थक अक्षरमाला म्हणून वाचतो. एनव्हीडीए आणि एफ दाबल्यावर फाँटचे नाव कृतिदेव असे कळले तर आवाजाची सेटिंग्ज बदलत बसू नये. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

आवाज येतो, पण तुटक येतो किंवा कळ दाबल्यावर उशिरा येतो. काय करावे?

आभासी साउंड कार्डाला ध्वनी सलग पुरवण्यासाठी प्रोसेसरचा वेळ वेळेवर मिळावा लागतो, आणि तो मिळाला नाही की शब्द तुटतात. आतल्या मशीनला किमान दोन कोर द्यावेत, परंतु बाहेरच्या संगणकाचे सर्व कोर देऊ नयेत, कारण मग बाहेरचा संगणकच ध्वनी वाजवण्यात मागे पडतो. स्मृतीलाही हाच नियम लावावा.

बाहेर विंडोज आणि त्यावर व्हर्च्युअलबॉक्स असेल तर आणखी एक कारण संभवते. विंडोजचे स्वतःचे हायपर-व्ही पार्श्वभूमीला चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यावर बसून काम करावे लागते आणि गती पुष्कळ घटते. याची खूण म्हणून मशीनच्या खिडकीत तळाशी कासवाचे हिरवे चित्र दिसते. केवळ चित्राने दिलेली ही सूचना आपल्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितली. उपाय विंडोज फीचर्सच्या यादीत आहे: हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म यांच्या खुणा काढाव्यात, आणि कोअर आयसोलेशनमधील मेमरी इंटिग्रिटीही पाहावी. यांतील शेवटचे सेटिंग सुरक्षिततेसाठी आहे, तेव्हा कार्यालयाच्या संगणकावर विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. आणि विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीची दुसरी आवृत्ती (डब्ल्यूएसएल २) व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्मवर अवलंबून असल्याने ती वापरणाऱ्यांनी हा उपाय टाळावा.

प्रत्येक वाक्याचे पहिले अक्षर का गिळले जाते?

ध्वनी-साधन शांततेत झोपी जाते आणि जागे होताना सुरुवातीचा भाग हरवतो. ब्लूटूथ हेडफोनमध्ये हे विशेष जाणवते. एनव्हीडीएच्या अलीकडच्या आवृत्त्यांत बोलणे संपल्यावरही काही काळ ध्वनी-साधन जागे ठेवण्याचे सेटिंग ऑडिओ विभागात आहे. आतल्या मशीनला मायक्रोफोन दिला असेल तर तो काढून टाकावा, कारण मायक्रोफोन उघडताच ब्लूटूथ हेडफोन संभाषणाच्या पद्धतीत जातो आणि आवाज घोगरा होतो. शक्य असल्यास जेल रोडवर मिळणारा साधा तारेचा हेडफोन घ्यावा. रोज आठ तास ऐकून काम करणाऱ्याला तोच भरवशाचा वाटेल.

लॉगिनच्या पडद्यावर आणि परवानगीच्या खिडकीत आवाज जातो. का?

हे सुरक्षित पडदे आहेत. तेथे केवळ बसवलेला एनव्हीडीए बोलतो, पोर्टेबल, म्हणजे न बसवता चालवलेली, प्रत बोलत नाही. एनव्हीडीएच्या सामान्य विभागात साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए सुरू करण्याची चौकट निवडावी आणि तेथील बटणाने आपली सेटिंग्ज सुरक्षित पडद्यांसाठी जतन करावीत.

विंडोज बसवतानाच आवाज मिळू शकतो का?

साउंड कार्ड असलेल्या मशीनमध्ये मिळू शकतो. इंटेल एचडी ऑडिओ निवडलेला असेल तर विंडोज १० च्या २०१७ नंतरच्या आवृत्त्यांत आणि विंडोज ११ मध्ये बसवणीच्या पडद्यावरच विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबून नॅरेटर सुरू करता येतो. फाइली उतरण्यास वेळ लागतो, म्हणून पडदा आल्यावर थोडे थांबून कळा दाबाव्यात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये तिची सोय ७.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, आहे. याच आवृत्तीत नवे मशीन करताना विनादेखरेख बसवणीचा पर्याय समोर येतो; नाव आणि पासवर्ड आधीच भरून दिले की बसवणीतील प्रश्नांची उत्तरे सॉफ्टवेअर स्वतः देते.

लिनक्समध्ये ऑर्का हा स्क्रीन रीडर सुरू होत नाही किंवा बोलत नाही. काय करावे?

नोम डेस्कटॉपवर सुपर, ऑल्ट आणि एस ही जोडी ऑर्का सुरू करते. सुपर म्हणजे विंडोज कळ, आणि ती बाहेरच्या विंडोजने अडवू नये म्हणून कीबोर्ड पकडलेला असला पाहिजे. ऑर्का स्वतः ध्वनी तयार करत नाही, स्पीच डिस्पॅचर या सेवेकडे देतो. टर्मिनलमधून त्या सेवेला एखादा शब्द बोलायला सांगून पाहावा: ती बोलली तर ऑर्काची सेटिंग्ज तपासावीत, नाही बोलली तर ध्वनी व्यवस्थेत खऱ्या कार्डाऐवजी ‘डमी आउटपुट’ आले आहे का ते पाहावे. डेबियन बसवताना बूट मेनूवर एस आणि मग एंटर दाबल्यास बोलणारी बसवणी सुरू होते.

कंपनीच्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने जोडल्यावर एनव्हीडीए बोलत नाही.

जोडणीच्या खिडकीत ‘दूरच्या संगणकावर वाजवा’ हा पर्याय निवडलेला असेल तर एनव्हीडीए बोलतो, पण ज्या खोलीत कोणी बसलेले नाही तेथे. तो ‘या संगणकावर’ असा बदलावा. विंडोज सर्व्हरमध्ये विंडोज ऑडिओ ही सेवा सहसा आपोआप सुरू होत नाही. ती सुरू करण्याची विनंती व्यवस्थापकांना लेखी करावी आणि विनंतीत स्क्रीन रीडरसाठी ती अनिवार्य असल्याचे स्पष्ट लिहावे. एनव्हीडीएच्या २०२५.१ या आवृत्तीपासून दूरस्थ जोडणीची सोय त्यातच आली आहे. दोन्हीकडे एनव्हीडीए असल्यास ध्वनीऐवजी मजकूरच पाठवला जातो आणि तो आपल्याच संगणकावरचा आवाज वाचतो, म्हणून सर्व्हरवर ध्वनी मिळणारच नसेल तेथे हा मार्ग उत्तम आहे.

काल बोलणारे मशीन आज जतन केलेल्या स्थितीतून उघडल्यावर गप्प आहे.

जतन करताना जो हेडफोन जोडलेला होता तो आज नसेल तर असे होऊ शकते. बाहेरच्या ध्वनी सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल मशीनच्या कार्यक्रमासाठी कोणते साधन निवडले आहे ते पाहावे, आणि तरीही आवाज आला नाही तर आतले मशीन रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावे. आवाज व्यवस्थित असताना, मशीन बंद करून, एक स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या वेळच्या स्थितीची परत जाता येईल अशी नोंद, घेऊन ठेवावा.

मदत मागताना काय काय कळवावे?

बाहेरची आणि आतली प्रणाली, व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती, निवडलेला साउंड कंट्रोलर, दोन्हीकडचे स्क्रीन रीडर, आणि नॅरेटर व घंटा या दोन चाचण्यांचा निकाल. एनव्हीडीएची नोंदवही आतल्या मशीनच्या टेम्प फोल्डरमध्ये असते. एनव्हीडीए पुन्हा सुरू केल्यास आधीची नोंद ‘ओल्ड’ या नावाने तेथेच राहते आणि त्यानंतर पुन्हा सुरू केल्यास पुसली जाते, म्हणून दोष घडल्याबरोबर ती फाइल दुसरीकडे उतरवून ठेवावी.